पाणकणसाचे आठ खांब

मला खरं तर कर्नाकला जायचं होतं. पुण्यातल्या एका आर्किटेक्चर कॉलेजात तीस वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना मी इजिप्तची देवळं शिकवली. कर्नाकच्या त्या मोठ्या सभामंडपाचे एकशे चौतीस खांब मला तोंडपाठ. मधल्या दोन रांगांतले बारा उंच, उमललेल्या फुलांचे. दोन्ही बाजूंचे बुटके, मिटलेल्या कळ्यांचे. फळ्यावर इतक्या वेळा काढले की डोळे बांधूनही काढीन. पण प्रत्यक्षात पाहिला एकही नाही. निवृत्त झाल्यावर केतकीनं, माझ्या लेकीनं, शब्द दिला होता की मार्चमध्ये ती क्राइस्टचर्चहून निघेल, मी पुण्याहून निघायचं आणि कैरोला भेटायचं. जानेवारीत तिचा फोन आला.

"आई, रजा कॅन्सल झाली गं. एक काम अंगावर आलंय. तूच इकडे ये ना. खांब दाखवते तुला, प्रॉमिस."

न्यूझीलंडमध्ये इजिप्तचे खांब! लेक मला लहान मुलासारखी समजावतेय असं वाटून मी दोन दिवस घुश्शात होते. आमच्या घरच्या माणसाला विमानाचं वावडं. ते म्हणाले, "जाऊन ये. नाही तरी तिकडे उंटावर बसून कंबर धरलीच असती." मी बॅग भरली.

क्राइस्टचर्चच्या विमानतळावर खाऊची तपासणी होते हे मला ठाऊक होतं, म्हणून बाकरवडी आणि मेतकूट शहाण्यासारखं फॉर्मवर लिहून टाकलं होतं. बाकरवडी सुटली. अडकले ते माझे बूट. "गेल्या महिन्यात शेतात, रानात गेला होतात का?" असं तिथल्या मुलीनं विचारलं आणि मी खरं बोलले. निघायच्या आदल्याच रविवारी पाषाण तलावावर फिरायला गेले होते. झालं! तिनं बूट मागितले, तळवे उलटे करून पाहिले आणि आत घेऊन गेली. परक्या देशाच्या उंबरठ्यावर मी मोज्यांवर उभी. मागच्या रांगेतली माणसं माझे मोजे बघतायत, आणि डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक. पाच मिनिटांनी बूट परत आले ते नव्यासारखे. पाषाणच्या चिखलाचा कण उरला नव्हता.

"वेलकम!" केतकी बाहेर हसत होती. "सगळ्यांचेच धुतात गं. स्वीट ॲज." (इथं 'झकास, काळजी नको' अशा अर्थानं हे उठताबसता म्हणतात.)

केतकी हॉर्नबीला राहते. सपाट, शांत उपनगर. एकीकडे गोदामं, दुसरीकडे बसकी घरं, आणि सगळ्याच्या वर भलंमोठं आभाळ. इतकं आभाळ आणि इतकी कमी माणसं यांची सवय व्हायला मला तीन दिवस लागले. दुपारी खिडकीशी बसलं की डोळे आपोआप मिटत. झोप नव्हे ती, एक तरंगणं. पुण्यात कुकरच्या शिट्ट्या मोजत जगणाऱ्या बाईला एवढी शांतता म्हणजे गुंगीचं औषधच.

येताना मी मनाशी एक ठरवून आले होते: केतकीच्या कामात नाक खुपसायचं नाही. त्याला कारण आहे. ती सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा तिच्या कॉलेजात मुलांच्या कामांचं प्रदर्शन होतं. तिनं एका जिन्याचा छेद (उभा कापला तर आत जसा दिसेल तसं चित्र) काढला होता, फार सुबक. बाहेरून आलेले परीक्षक शेजारी उभे, आणि मी मोठ्यानं म्हणाले, "अगं, जिन्यावर माणूस कुठे आहे? माणूस उभा केल्याशिवाय उंची कशी कळणार?" आमच्या धंद्यातली ही जुनी रीत आहे. छेद काढला की त्यात एक छोटं माणूस उभं करायचं, म्हणजे बघणाऱ्याला माप कळतं. परीक्षक हसले. केतकी हसली नाही. त्यानंतर तिनं मला एकही ड्रॉइंग दाखवलं नाही. पंधरा वर्षं झाली. बोलते, लाड करते, वाढदिवसाला साडी पाठवते, पण कागद दाखवत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं गाडी काढली. दक्षिणेकडे दोन-अडीच तास, असं म्हणाली. गावाचं नाव मी लिहीत नाही. छोटं गाव आहे, तिथली माणसं संकोचतील.

कँटरबरीचं पठार म्हणजे इस्त्री केलेली जमीन. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, वाऱ्याला अडवायला लावलेल्या उंच झाडांच्या भिंती, आणि पश्चिमेला डोंगरांची निळी रेघ. त्या रेघेवर ढगांची एक लांबच लांब कमान उभी होती. "नॉरवेस्टर येणार," केतकी म्हणाली. (डोंगराकडून सुटणारा हा कोरडा, गरम वारा, तो यायच्या आधी आभाळात अशी कमान धरते.) राकाया नदीच्या पुलावर तर मी काचेला नाक लावून बसले. पूल संपता संपत नाही, आणि खाली नदी एक नाही, दहा. करड्या गोट्यांच्या पात्रात निळसर पाण्याच्या वेण्या सुटतात, गुंततात, पुन्हा सुटतात. हिला पात्र निवडायचा कंटाळा आलेला दिसतो, असं माझ्या मनात आलं.

वाटेत एका डेअरीत थांबलो. (इथं डेअरी म्हणजे दुधाची नव्हे, कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान.) दुकानदार निघाला नवसारीचा. त्यानं भाजीची पाय (सारण भरलेली, भट्टीत भाजलेली जाड करंजीच म्हणा) गरम करून दिली आणि "बेन, संभालके, अंदर बहुत गरम है," असं बजावलं. मी ऐकलं नाही. टाळू भाजली ती पुढे दोन दिवस.

गाडीत बसल्यावर केतकीनं कामाचं सांगितलं.

"एक हॉल आहे, शंभरेक वर्षांपूर्वीचा. तेव्हा जगभर इजिप्तचं फॅड होतं ना, तसा बांधलाय. आधी लोकांचं काहीतरी मंडळ, मग थिएटर, मग बॅडमिंटन. इथे मोठा भूकंप झाला, तेव्हापासून बंदच आहे. आम्ही स्ट्रक्चर तपासतोय."

"मग?"

"मग काय. आतली जमीन लेव्हलला नाही. दाराकडची बाजू जवळजवळ वीतभर खाली आहे. दार नदीच्या बाजूला. भूकंपात नदीकडची जमीन सरकते, खचते. दारापाशी भिंतींना तडेही आहेत. म्हणजे फाउंडेशन गेलंय. प्रिलिमिनरी रिपोर्टमध्ये मी तसंच लिहिलंय. उद्या अजून मापं घ्यायची, परवा फायनल द्यायचा."

"आणि मग?"

"आई, फाउंडेशन गेलं असेल तर कोण वाचवणार? पाडतील." ती रस्त्याकडेच बघत होती. "म्हणून म्हटलं, पाडायच्या आधी तुला दाखवावं."

मी जीभ चावून खिडकीबाहेर पाहत राहिले. नाक खुपसायचं नाही.

गाव आलं ते दुपारच्या उतरत्या उन्हात. एक रस्ता, एक चर्च, एक बंद पडलेली बँक, आणि तिच्या शेजारी, मेंढ्यांच्या औषधाचं दुकान आणि पोस्ट यांच्या मध्ये, इजिप्त. मला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणीही. दोन्ही बाजूंना आत कललेले बुरुज, वरती बाहेर वळलेली पन्हळीसारखी कड, दारावर पंख पसरलेलं सूर्यबिंब. पंखांचा पिवळा रंग उडालेला, बिंबावर चिमणीनं घरटं केलेलं. फळ्यावर मी खडूनं काढायचे तेच, फक्त मागे निळे डोंगर.

दारात दोघं उभे होते. एक बॅरी, ऐंशीच्या घरातले, अर्धी विजार आणि पायात जँडल्स (रबरी चपला). त्यांच्या आजोबांनी हा हॉल बांधला होता, गिलाव्याचं कामही स्वतः केलं होतं, आणि आता हॉलची किल्ली बॅरींच्या खिशात असते. दुसऱ्या मेरे, माझ्याच वयाच्या माओरी बाई, निवृत्त नर्स, हॉलच्या समितीच्या चिटणीस.

"किआ ओरा," मेरे म्हणाल्या. (माओरीत नमस्कार.) "तुम्ही इजिप्तच्या जाणकार ना? केतकीनं सांगितलंय."

केतकीनं सांगितलंय! मी वळून बघेपर्यंत ती हेल्मेट घालून आत गेली होती.

आत पाऊल टाकलं आणि अंधारानं हळूच हात धरला. दोन्ही बाजूंना चार-चार, असे आठ खांब. मधल्या वाटेवर छत उंच, आणि उंचावरच्या छोट्या झरोक्यांतून उन्हाच्या पट्ट्या तिरक्या खाली आलेल्या. त्यांत धूळ इतकी सावकाश फिरत होती की वेळच घट्ट झाल्यासारखा वाटत होता. छतावर निळ्या रंगात पिवळ्या चांदण्या. इजिप्तचं देऊळ म्हणजे जगाच्या आरंभीची दलदल, असं मी शिकवायचे. पाण्यातून वर आलेलं पहिलं बेट, भोवती उभं गवत, वर आभाळ. सगळ्यात आधी देवळं गवताचीच होती. नंतर तेच गवत त्यांनी दगडात घडवलं. खांब म्हणजे पपायरस (नाईलच्या काठी वाढणारं लव्हाळ्याच्या जातीचं गवत), म्हणून तळाशी बारीक, वर फुगीर, आणि डोक्यावर फूल नाहीतर कळी.

पण मास्तरीण ती मास्तरीणच. डोळे अंधाराला सरावले आणि माझ्या कपाळावर आठी चढली. हे खांब चुकलेले होते! डोक्यावर ना उमललेलं फूल, ना पपायरसची कळी. लांब, चपट्या, तलवारीसारख्या पानांचा गुच्छ, आणि त्यांतून वर आलेली जाडसर, लांबुळकी बोंडं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आजोबा कधी इजिप्तला गेले नव्हते," बॅरी ओशाळून हसले. "एका मासिकातला तिथल्या देवळांवरचा लेख आणि त्यातलं चित्र होतं त्यांच्याजवळ. धूसर होतं म्हणे. लहानपणी आम्ही याला सिगार म्हणायचो."

मग ते एका खांबाला टेकून थिएटरच्या गोष्टी सांगू लागले. पडद्यासमोरच्या पहिल्या रांगेत बसायला मुलांची मारामारी व्हायची. "आणि नारिंगी गोळ्या असायच्या, टणक. पुढच्यांच्या हातून पडल्या की घरंगळत मागे जायच्या, थेट दारापर्यंत. मागच्यांना फुकटचा खाऊ." ते बोलत होते आणि त्यांचा हात नकळत खांबावरून फिरत होता. गोठ्यात उभं राहून लोक गाईवरून हात फिरवतात ना, तसा.

मला सिगारचाच राग आलेला. गोळ्यांकडे माझं लक्षच नव्हतं.

रात्र मोटेलमध्ये काढली. सकाळी जाग आली ती पांढऱ्या उजेडानं. वारा आलाच नव्हता, धुकं आलं होतं. केतकी झोपलेली. मी बूट चढवून नदीच्या बाजूला चालत गेले. रस्ता संपून पायवाट लागली, आणि वाटेच्या टोकाला पाणथळ जागा. धुक्यात हजारो खांब उभे होते.

खोटं नाही सांगत. क्षणभर मला तो सभामंडपच वाटला. सरळ, दाट, निःशब्द. खाली पाणी, वर काहीच नाही. मग धुकं थोडं सरकलं आणि कळलं की ते गवत आहे. माझ्याहून उंच, लांब चपट्या पानांचं, आणि प्रत्येक दांड्यावर तपकिरी, मखमली, लांबुळकं बोंड. पाणकणीस! पाषाण तलावाच्या काठी मी आयुष्यभर बघत आलेलं पाणकणीस. त्यातून एक जांभळी पाणकोंबडी लाल चोच उचलून मला निरखत होती. तीही पाषाणचीच वाटली.

"राउपो म्हणतो आम्ही याला," मागून आवाज आला. मेरे कुत्र्याला फिरवायला आल्या होत्या. "माझ्या पणजीच्या काळात आमच्या घरांच्या भिंती याच्याच असायच्या."

बॅरींच्या आजोबांचा चेहरा मी पाहिला नाही, पण ते मला दिसले. हातात धूसर चित्र, त्यात काय आहे ते कळत नाही, आणि मग ते काम सोडून नदीवर येतात. नाईलच्या काठच्या माणसानं काय केलं होतं? आपल्या नदीत काय उगवतं ते पाहिलं होतं. यांनी तेच केलं. चुकले होते ते खांब नव्हते. मी चुकले होते. तीस वर्षं फोटो बघून शिकवणारी बाई, आणि आपल्या तलावातलं पाणकणीस मात्र कधी फळ्यावर काढलं नाही. मला स्वतःची लाज वाटली आणि त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

मेरे आणि मी बरोबरच हॉलवर आलो. केतकी आणि बॅरी आधीच पोचले होते. केतकी तिपाईवर लेझरचं यंत्र लावत होती. दारात मी थबकले. माझे बूट चिखलानं भरलेले, आणि आता मी कुठे शिरतेय ते मला कळलं होतं. देवळात शिरताना हात जसे आपोआप खाली जातात, तसे गेले. बूट काढले, मोजेही काढले. मेरेंनी पाहिलं, आपलेही काढले. "आमच्या सभाघरातही असंच," एवढंच म्हणाल्या.

लाकडावर जुनं, झिजलेलं लिनोलियम होतं, गारेगार. मी मधल्या वाटेनं रंगमंचाकडे निघाले. दुसऱ्या खांबापाशी मला काहीतरी जाणवलं. थांबले. डोळे मिटून पुन्हा चालले. बुटांना कळत नाही ते टाचेला कळतं. जमीन चढत होती. एकसारखी, हळुवार, पर्वतीच्या पायथ्याशी पहिल्या पायरीच्या आधी रस्ता चढतो तशी. वर पाहिलं: छत दाराशी उंच, मग एक टप्पा खाली, मग आणखी एक. जमीन वर येतेय, आभाळ खाली येतंय, उजेड कमी होतोय.

माझा स्वतःचाच आवाज मला ऐकू आला, पहिल्या सत्राच्या वर्गातला, जांभया देणाऱ्या पोरांपुढचा: "लिहून घ्या. गाभाऱ्याकडे जाताना जमीन चढत जाते आणि छत उतरत जातं. परीक्षेत हमखास येतं."

ही जमीन खचलेली नव्हती. ती अशीच बांधली होती.

आणि मग त्या गोळ्या! पुढच्यांच्या गोळ्या मागे दारापर्यंत घरंगळायच्या. बॅरी लहान होते तेव्हा. भूकंपाच्या कितीतरी आधी.

मी गाभाऱ्याच्या जागी, रंगमंचासमोर, अनवाणी उभी राहिले. बोलावं की बोलू नये? बोलले नाही तर उद्या केतकीचा कागद जाईल आणि हे पाणकणीस भुईसपाट होईल. बोलले तर पुन्हा चारचौघांत तिच्या कामात आई. तेव्हा पंधरा वर्षं गेली होती. आता माझ्याकडे पंधरा वर्षं आहेत की नाहीत, कोणास ठाऊक. देवा, हे माझ्याच पायाला का कळलं?

"केतकी," मी मराठीत म्हणाले, अगदी हलक्या आवाजात. "एक विचारू? तुझं चुकलंय असं म्हणत नाही मी."

तिचे खांदे ताठ झाले. "म्हणजे चुकलंय."

"जमीन मुद्दाम चढती केलेली असेल तर? इजिप्तच्या देवळांत असतेच."

"आई, लेझर खोटं बोलत नाही."

"लेझर म्हणतं, वीतभर फरक आहे. का आहे ते कुठं म्हणतं? आणि बॅरींच्या गोळ्या?"

"कसल्या गोळ्या?"

"काल सांगत होते! पुढच्या रांगेतून मागे घरंगळायच्या. ते पोरगेले होते तेव्हा. तू ऐकलं नाहीस, तिकडे रंगमंचामागे होतीस."

"हे तू मला आत्ता, क्लायंटसमोर सांगतेस?"

"मराठीत सांगतेय ना!"

"सगळं ठीक आहे ना, बायांनो?" बॅरींनी काळजीनं विचारलं. मेरेंना भाषा कळत नसली तरी आई-लेकीचं भांडण ओळखू येत होतं. त्या छतावरच्या चांदण्या मोजू लागल्या.

केतकीनं हेल्मेट काढलं, कपाळ पुसलं. मग इंग्रजीत बॅरींना विचारलं, "फ्लोअरच्या खाली जायची वाट कुठे आहे? तुम्ही म्हणाला होतात, वाटच नाही."

"नाहीच," बॅरी म्हणाले. आणि डोकं खाजवून, "पियानो आणायच्या आधी होती."

पियानो रंगमंचाच्या कोपऱ्यात होता. चौघांनी मिळून ढकलला. बॅरींच्या जँडल्सचा पट्टा तुटला, मेरेंनी त्यांना ठणकावून खुर्चीवर बसवलं, आणि पियानोखालून एक चौकोनी झाकण निघालं. केतकी हातात टॉर्च, दोरी आणि पाणसळ घेऊन पोटावर सरपटत आत गेली. माझी लेक, जी लहानपणी झुरळाला पाहून पलंगावर चढायची.

बराच वेळ नुसतं खरडणं ऐकू येत होतं. मग जमिनीतून आवाज आला, माझ्या तळपायांखालून.

"आई! रंगमंचापाशी उभी राहा. टाच आपट."

मी आपटली.

"आता दाराकडे ये. खांबाखांबाला थांब आणि आपट."

मी एकेका खांबापाशी थांबत गेले. मी वरून टाच आपटायची, ती खालून ठोकायची. मधे कुठेकुठे ती बराच वेळ थांबायची, तेव्हा मीही उभी राहायचे. उन्हाच्या पट्ट्या सरकत होत्या. पहिल्या खांबाशी, दाराच्या जवळ, खालून ठोकणं आलं नाही. मी वाट पाहिली. बॅरी खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसले होते.

"आई."

"हं?"

"खालची माती लेव्हलला आहे. पूर्ण. मी दोरी लावून पाहिली." मग पुन्हा खरडणं. "आणि पाइल्स, फ्लोअरखालचे लाकडी खुंट, रंगमंचाकडे प्रत्येक ओळीला बोटभर उंच होत जातात. करवतीनं नीट कापलेत. पेन्सिलीनं नंबर घातलेत गं बांधणाऱ्यानं, एक, दोन, तीन. काही खचलेलं नाहीये."

मी खांबाचा आधार घेतला.

"आई, ऐकतेयस ना? तू बरोबर होतीस."

मी खाली बसले आणि लिनोलियमवर हात ठेवला. मेरेंनी मला काय झालं ते विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं, तुमची जमीन तुमच्या आजोबांनी अशीच बांधली आहे. "माझ्या," बॅरी म्हणाले, आणि रुमाल काढून बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

केतकी वर आली तेव्हा केसांत कोळिष्टकं होती आणि नाकाला काळं लागलं होतं. भिंतींचे तडे गिलाव्याचेच असावेत, पण भिंती मजबूत कराव्या लागतील, समितीला बैठकीत ठरवावं लागेल, असं तिनं दोघांना शांतपणे समजावलं. पहिला अहवाल आपण घाईनं लिहिला हेही सरळ सांगितलं. तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला. मला हे इतकं सरळ कधी जमलेलं नाही. मग ती माझ्याकडे आली, पाठीवरची नळी उघडली आणि हॉलचा नकाशा जमिनीवर पसरला. माझ्यासमोर. पेन्सिल पुढे केली.

"चढ नक्की कुठून सुरू झाला पायाला? खूण कर."

मी खूण केली. रेघ वाकडी आली. तिनं पुसली नाही.

मेरेंकडे चहा झाला. पिकलेट (छोटी, जाडसर धिरडी म्हणा), त्यावर साय आणि जॅम, आणि शेजारच्या बशीत माझी बाकरवडी. बॅरींनी एकामागून एक सात खाल्ल्या आणि डोळ्यांतून पाणी येत असतानाही "हॉट नाहीये," असं म्हणत राहिले. परतताना नॉरवेस्टर सुटला. गाडी हलत होती, कुरणांवरून उजेड धावत होता, आणि आम्ही दोघी राकायाच्या त्या वेण्या ओलांडून आलो.

पुण्याला परत येऊन आता महिना झाला. पहिल्याच रविवारी पाषाणला गेले आणि पाणकणसापुढे बराच वेळ उभी राहिले. लोकांना वाटलं, पक्षी बघतेय. प्रवास म्हणजे न पाहिलेलं पाहणं असं मी समजत होते. मी इतक्या लांब जाऊन पाहिलं ते माझ्या घरापासून दोन बसथांब्यांवर होतं, आणि शिकले ते तीस वर्षं शिकवलेलं. कर्नाक अजून राहिलंय. केतकी म्हणते, पुढच्या वर्षी नक्की. जाऊच. तिथे बूट काढू देतात का, एवढं विचारायला सांगितलंय तिला.

काल तिचा फोन आला: बैठक झाली, हॉल ठेवायचं ठरलं. "मेलमध्ये एक फाइल पाठवलीय, बघ," म्हणाली आणि लगेच ठेवला. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठ्या कागदावर छापून आणली. हॉलचा उभा छेद होता. दार, आठांपैकी चार खांब, त्यांवरची पाणकणसाची बोंडं एक-एक काढलेली, उतरतं छत, आणि खाली चढत जाणारी जमीन. तिसऱ्या खांबापाशी एक बाई उभी होती. पंजाबी ड्रेस, पाठीला किंचित पोक, पाय अनवाणी, हातात बूट.

मी टेबलाच्या खणातून नकाशांच्या प्रमाणाची जुनी मोजपट्टी काढली आणि चष्मा पुसून ती बाई मोजली. पाच फूट एक इंच. माप बरोबर होतं.